जोडा उलटा करून पाहावा

बराकीच्या पायरीवर बसून बुटाच्या नाकावर बोट गोल गोल फिरवत बसलेला रंगरूट कामठीत वाढलेल्या कुणालाही अनोळखी नाही. एका हातात बूट, बोटाला गुंडाळलेलं फडकं, शेजारी पॉलिशची डबी आणि तिच्याच झाकणात चमचाभर पाणी. १८२१ साली कन्हान नदीच्या काठी ही छावणी वसली. आज इथं गार्ड्स रेजिमेंटल सेंटर आहे. परेडच्या बुटांची चकाकी आम्ही लहानपणापासून बघत आलो, आणि बूट म्हणजे वरून चमकतो तो, असंच कित्येक वर्षं समजत आलो.

ही समजूत मोडली ती छावणीच्या रस्त्यावरच्या एका मोच्यापुढे. एका निवृत्त अधिकाऱ्याचा जुना काळा ऑक्सफर्ड बूट त्याच्याकडे टाचेसाठी आला होता. त्यानं चकाकी बघितलीच नाही. जोडा हातात घेतला तो उलटाच, तळाच्या कडेनं अंगठ्याचं नख फिरवलं आणि म्हणाला, “भाऊ, हा तळ चिपकवेल नाही, शिवेल हाय. असा जोडा आता कधीमधीच येते.” मग रापीच्या टोकानं त्यानं तळावरची एक बारीक खाच उचकटून दाखवली. आत मेण लावलेल्या दोऱ्याची रांग होती, दातांसारखी एकसारखी. त्या दिवसापासून महागडा जोडा दिसला की माझी नजर आधी त्याच्या तळाकडे जाते. दुकानदारांना हे फारसं आवडत नाही.

हजारो रुपयांचा, कधी लाखांचा जोडा नेमका कसा बनतो, ते त्या खाचेच्या वाटेनं आत शिरून पाहू.

सुरुवात चामड्यापासून होत नाही, लाकडापासून होते. ज्या ठोकळ्यावर जोडा चढतो त्याला फर्मा म्हणतात. उत्तरेकडचे जुने कारागीर कलबूत म्हणतात. लंडनच्या जॉन लॉबसारख्या १८६६पासूनच्या दुकानात गिऱ्हाईक आलं की त्याचे दोन्ही पाय कागदावर रेखून घेतात, पंजाचा, चवड्याचा, टाचेचा घेर फितीनं मोजतात आणि टणक लाकडातून त्याच्या एकट्याचे दोन फर्मे कोरतात. दोन एवढ्यासाठी, की उजवा आणि डावा पाय कुणाचेच अगदी सारखे नसतात. हे फर्मे दुकानाच्या तळघरात जपून ठेवले जातात, आणि पुढचा प्रत्येक जोड त्यांच्यावरच चढतो.

गंमत अशी की, फर्मा पायासारखा दिसतो पण पायाची नक्कल नसतो. एका पायात २६ हाडं असतात आणि पाऊल टाकताना पंजा पसरतो, लांबतो. म्हणून पुढं बोटांपलीकडे थोडी मोकळी जागा ठेवावी लागते. टाच आणि कमान मात्र आवळून धरावी लागते, नाहीतर चालताना जोडा टाचेतून उचलला जातो. नाक जमिनीपासून किंचित वर उचललेलं ठेवतात, कारण शिवलेला जाड तळ पायाइतका सहज वाकत नाही. या सगळ्या तडजोडी मिलिमीटरांच्या असतात. इंग्रजी मापात एका नंबरानं वाढ होते ती इंचाचा तिसरा हिस्सा, म्हणजे साडेआठ मिलिमीटरांच्या आसपास. युरोपी मापात एका नंबराला पावणेसात मिलिमीटरही भरत नाहीत. तयार जोडे विकणाऱ्या उंची कंपन्यांच्या फर्म्यांनाही क्रमांक असतात. इंग्लंडमधल्या नॉर्दॅम्प्टनच्या एडवर्ड ग्रीनचा २०२ बरा की ८२, यावर शौकीन लोक घराण्यांवर भांडणाऱ्या गवयांसारखे भांडतात. २०२ नाकाशी गोलसर आणि पायाला ऐसपैस, ८२ जरा निमुळता. जोड्याचा डौल फर्म्यातच ठरून गेलेला असतो, पुढचे सगळे कारागीर तो फक्त सांभाळतात.

आता चामडं. आपल्या भाषेत कच्चं ते कातडं आणि कमावलं की चामडं, हा भेद फार नेमका आहे. कमावणं म्हणजे कातड्यातले तंतू कुजू नयेत म्हणून त्यांच्यात बांधून ठेवणारं द्रव्य मुरवणं. ते मुख्यतः दोन रीतींनी होतं. क्रोमियमचे क्षार वापरले तर काम थोड्या दिवसांत आटोपतं आणि चामडं मऊ, पाण्याला बऱ्यापैकी दाद न देणारं निघतं. बहुतेक उंची जोड्यांचा वरचा भाग अशा क्रोमनं कमावलेल्या वासराच्या चामड्याचा असतो. दुसरी रीत सालीची. झाडाच्या सालीतलं टॅनिन कातड्यात सावकाश उतरू द्यायचं. इंग्लंडमधल्या डेव्हन परगण्यात कॉलिटन गावी बेकर यांची टॅनरी ओकच्या सालीत तळाचं चामडं मुरवते, आणि त्याला वर्षभर लागतं. असा तळ घट्ट होतो आणि पायाचा घाम शोषून पुन्हा बाहेर सोडतो. आपल्याकडे हेच काम बाभळीची साल आणि हिरडा करत आले आहेत. त्याकडे पुढे येऊच.

किंमत वाढायला सुरुवात होते ती कापताना. एकाच कातड्याचा पाठीकडचा भाग घट्ट आणि एकसारखा, पोटाकडचा सैल आणि ताणला जाणारा. जनावराच्या अंगावरचे काटेरी तारेचे ओरखडे, गोचिडांचे डाग, शिरांच्या रेषा कमावल्यावरही पुसल्या जात नाहीत. चांगला कापणारा आधी चामड्यावरून हात फिरवतो, बोटांनी ओढून ते कुठल्या दिशेला ताणतं ते बघतो, आणि मगच सुरी लावतो. नाकाचा आणि पंजावरचा तुकडा पाठीतून, जीभ आणि आतल्या पट्ट्या उरलेल्यातून. शिवाय डाव्या-उजव्या जोड्याचे तुकडे एकमेकांशेजारचे हवेत, नाहीतर चार महिन्यांनी दोघांचा रंग वेगवेगळ्या वाटेनं जातो. स्वस्त जोड्याच्या कारखान्यात याच डागांवर जाड रंगाचा थर चढवतात, म्हणजे सगळंच कातडं वापरता येतं. महाग जोड्यात डाग टाकून देतात आणि तो टाकलेला भाग तुमच्या बिलात येतो.

कापलेल्या तुकड्यांच्या कडा रापीनं तासून कागदासारख्या पातळ करायच्या, म्हणजे शिवणीत फुगवटा येत नाही; मग शिवायचं. उंची जोड्यात इंचाला बारा-चौदा टाके सहज असतात, कधी त्याहून जास्त. हे काम मशिनवर होतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

नंतर वरचा भाग ओला करून फर्म्यावर ओढतात. चिमट्यानं धरून, ओढून, खाली वळवून, तात्पुरते खिळे मारत. आधी नाक, मग टाच, मग बाजू. ताण एका बाजूला जरा जास्त झाला की नाकावरची शिवण वाकडी दिसते, म्हणून कारागीर दर दोन खिळ्यांनी जोडा डोळ्यांसमोर धरून पाहतो. हे काम यंत्राला जमणार नाही असं समजलं जाई. सुरिनाममध्ये जन्मलेल्या आणि अमेरिकेत लिन या जोड्यांच्या गावी मजुरी करणाऱ्या यान मात्झेलिगर या कृष्णवर्णीय कामगारानं ते यंत्र बनवलं आणि १८८३ साली त्याचं पेटंट घेतलं. हातानं दिवसाला पन्नासेक जोड ओढणाऱ्या कारागिराच्या जागी यंत्र शेकड्यांनी जोड ओढू लागलं. सहा वर्षांनी तो क्षयानं वारला, तेव्हा तो चाळिशीलाही पोचला नव्हता. आज जगभर लोकांच्या पायात जे बंद जोडे आहेत, ते परवडण्याजोगे झाले त्यात त्याचा वाटा फार मोठा आहे.

ओढलेलं चामडं फर्म्यावर तसंच सुकू द्यायचं. हातानं बनवणारे आठवडे-आठवडे ठेवतात, कारखाने काही दिवस, स्वस्तातले काही तास. जितका जास्त वेळ, तितका आकार पक्का.

आता मोच्यानं नख फिरवलं होतं त्या जागी येऊ. जोड्याला दोन तळ असतात. पाय टेकतो तो आतला, जमीन लागते तो बाहेरचा. प्रश्न एवढाच, की हे दोन तळ आणि वरचा भाग एकमेकांशी बांधायचे कसे. डिंकानं चिकटवले तर काम दहा मिनिटांचं. शिवले तर अर्ध्या दिवसाचं. हातानं शिवणारा कारागीर पाचेक मिलिमीटर जाडीच्या आतल्या तळाच्या खालच्या अंगाला कडेनं खाच कोरतो, अशी की चामड्याचाच एक उंचवटा, छोटा बांध उभा राहावा. त्या बांधातून आरीनं भोक पाडायचं. त्यातून वरच्या भागाची वळवलेली कड आणि तिच्या बाहेरून लावलेली चामड्याची एक अरुंद पट्टी, अशी तिन्ही एका टाक्यात पकडायची. ही पट्टी म्हणजे वेल्ट. दोरा लिननचा, डांबर आणि मेण चोळून चिकट केलेला. त्याच्या टोकाला सुईऐवजी रानडुकराचा राठ केस बांधायची जुनी रीत आहे, कारण आरीचं भोक वाकडं असतं आणि केस वाकतो, सुई वाकत नाही. दोऱ्याची दोन्ही टोकं समोरासमोरून एकाच भोकातून जातात आणि दोन्ही हातांनी ओढली जातात. आपला मोची जरा वेगळं करतो; आरीच्या आकड्यात खालचा दोरा अडकवून वर ओढतो आणि त्या फाशातून दुसरं टोक घालतो. दोन्हींतलं गुपित एकच: एक टाका तुटला तरी शेजारचा उसवत नाही.

आतल्या तळाखाली आता वेल्टच्या रिंगणात एक पोकळी राहते. तिथं बुचाचा लगदा भरतात आणि कमानीखाली लाकडाची किंवा पोलादाची पट्टी बसवतात. काही महिन्यांच्या वापरानं बुचात तुमच्या पायाचा ठसा उमटतो. नवा जोडा दुकानात आवळल्यासारखा वाटतो आणि पुढं ‘आपला’ होतो, याचं निम्मं कारण हे बूच. मग बाहेरचा तळ वेल्टला वेगळ्या शिवणीनं जोडायचा, आणि ती शिवण तळाच्या खाचेत दडवून खाच मिटवून टाकायची. मोच्यानं उचकटली ती हीच खाच. तळ झिजला की ही बाहेरची शिवण कापायची आणि नवा तळ शिवायचा. वरच्या भागाला धक्काही लागत नाही. चांगल्या जोड्याला असे तीन-चार तळ तरी लागतात.

वेल्टची ही शिवण यंत्रावर आली १८७०च्या आसपास, चार्ल्स गुडइयर धाकटे यांच्यामुळे. बाप चार्ल्स गुडइयर म्हणजे रबर पक्कं करण्याची रीत शोधणारे. टायरच्या कंपनीनं पुढं १८९८ साली त्यांचं नाव घेतलं, पण तिचा या घराण्याशी संबंध नाही. ‘गुडइयर वेल्ट’ हे शब्द आज जाहिरातीत मंत्रासारखे म्हटले जातात. पण एक बारकी गोष्ट दुकानदार सांगत नाही. यंत्राच्या कामात आतल्या तळाला सहसा बांध कोरलेला नसतो. त्याऐवजी कापडाची उभी पट्टी डिंकानं चिकटवलेली असते आणि शिवण तिच्यातून जाते. म्हणजे शिवलेल्या जोड्याचा पाया शेवटी चिकटवलेलाच. पट्टी चांगली असेल तर जोडा वर्षानुवर्षं टिकतो, यात शंका नाही. पण हातानं कोरलेल्या बांधाची किंमत त्याच्यावर लावणं मला लबाडी वाटते.

इटालियनांना तिसरी रीत आवडते, ब्लेक शिवण. आतल्या तळातून थेट बाहेरच्या तळात एकच टाका. जोडा हलका, कड नाजूक, तळ लवचिक. पावसात मात्र टाक्यांच्या भोकांतून पाणी आत येतं. विदर्भातल्या उन्हाळ्याला तो चालेल. जुलैत घालू नये.

आणि बायकांचे उंच टाचांचे जोडे? इथं माझं मत थोडं कडू आहे. लाखालाखाच्या त्या जोड्यांपैकी बहुतेकांचा तळ चिकटवलेलाच असतो, आणि त्याला सबळ कारणही आहे: वेल्टच्या जाड कडेनं त्यांचा सगळा नाजूकपणा गेला असता. तिथली कारागिरी दुसरीकडे आहे, टाचेच्या तोलात. उंच टाचेवर शरीराचा भार पुढं चवड्यावर सरकतो. कमान अधांतरी राहते, ती वाकू नये म्हणून आत पोलादी पट्टी हवी. इटलीतल्या बोनितो गावचा साल्वातोरे फेरागामो अमेरिकेत गेला तेव्हा याच पायी त्यानं शरीररचना शिकून घेतली. पुढं इथिओपियावरच्या आक्रमणानंतर इटलीवर निर्बंध आले, चांगलं पोलाद मिळेना, तेव्हा त्यानं कमानीखालची पोकळीच बुचानं भरून टाकली. बायकांच्या पायातली वेज हील अशी टंचाईतून जन्मली. पेन्सिलीएवढी बारीक टाच १९५०च्या दशकात रॉजर व्हिव्हिएनं दिओरसाठी रुळवली. तिच्याही पोटात धातूचा दांडा असतो, नुसतं लाकूड मोडलं असतं. ख्रिस्तियान लूबूतँच्या लाल तळाची गोष्ट निराळी. तो नखांच्या रंगातून सुचला, आणि त्याची मालकी दिल्लीच्या उच्च न्यायालयानंही २०१७ साली मान्य केली. तो लाल रंग चालायला मदत करत नाही. चालणाऱ्या बाईकडे मागून बघणाऱ्यासाठी तो आहे, आणि त्याची किंमत देणाऱ्याला ते पुरतं माहीत असतं.

एवढं युरोप फिरून आल्यावर कोल्हापूरला जायलाच हवं, कारण महाराष्ट्रात उंची पादत्राण म्हणावं असं घडतं ते तिथं. कोल्हापुरी चप्पल फर्म्यावर चढत नाही. बाभूळ-हिरड्यानं कमावलेलं जाड चामडं भिजवून, ठोकून घट्ट करायचं, तळाचे थर कापायचे. दोन थरांच्या मध्ये दोन्ही बाजूंनी ‘कान’ बसतात, कानांना पट्टा जोडला जातो, पुढं अंगठा. सगळं शिवायचं, खिळा एकही नाही. पट्ट्यावरची वेणी चामड्याच्या बारीक वाद्यांची, आणि हे वेणीचं, नक्षीचं काम मुख्यतः घरातल्या बायका करतात. कापशी, पुकरी, बक्कलनाली, कुरुंदवाडी अशी नावं गावांवरून किंवा घडणीवरून आलेली. चालताना कर्रकर्र वाजते तो दोष नव्हे. ती करकर मुद्दाम राखलेली असते. २०१९ साली या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून.

जून २०२५मध्ये इटलीच्या प्राडा या फॅशन कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये अशीच चप्पल मॉडेलांच्या पायात घातली आणि तिला नुसतं ‘लेदर सँडल’ म्हटलं. इकडे गदारोळ झाला, महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सनं पत्र लिहिलं, प्राडानं प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं कबूल केलं, त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली. डिसेंबर २०२५मध्ये संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ आणि कर्नाटकातलं तसंच महामंडळ यांच्याशी प्राडानं करार केला. सुमारे २००० जोड इथल्या कारागिरांकडून बनवून घ्यायचे, किंमत साधारण ८०० युरो, म्हणजे पाऊण लाख रुपयांच्या वर, असं तेव्हा जाहीर झालं.

पाऊण लाख ऐकून हसणारे पुष्कळ भेटले. मी हसलो नाही. याच प्राडानं १९९९ साली नॉर्दॅम्प्टनची चर्च ही बूट कंपनी विकत घेतली, आणि तिथल्या वेल्टच्या जोड्याला लोक मुकाट्यानं तेवढेच पैसे देतात. कारागिरी तीही, कारागिरी हीही. फरक कारागिराच्या जागेचा आहे. तिथं त्याचं गाव जोड्यांचं गाव म्हणून मिरवतं. आपल्याकडे कातडं कमावणाऱ्याला गावाबाहेर ठेवलं, आणि ‘पायाची वहाण पायातच बरी’ ही म्हण वहाणेसाठी कमी, ती बनवणाऱ्यासाठी जास्त वापरली.

आता पुन्हा कामठीची पायरी आणि तो रंगरूट. पॅरिसमध्ये उंची जोड्यांची दुकानं ‘ग्लासाज’ नावानं ज्या चकाकीचे वेगळे पैसे घेतात, ती हीच. चामड्याला बारीक छिद्रं असतात, म्हणून त्यावरून उजेड विखरून परततो. मेणाचे पातळ थर ती छिद्रं बुजवतात आणि पृष्ठभाग काचेसारखा सपाट होतो. पाणी थेंबभरच हवं. त्यानं फडकं मेणावर घसरतं, आधीचा थर उखडत नाही. बोट हलकं, वर्तुळं छोटी, घाई अजिबात नको. एका बसण्यात आठ-दहा थर चढतात. जवान मात्र आरसा करतो तो फक्त नाकाला आणि टाचेला, कारण या दोनच ठिकाणी आत कडक अस्तर असतं आणि चामडं वाकत नाही. घरी करून पाहणार असाल तर तेवढंच करा. पंजावरच्या घडीला मेणाचे थर चढवलेत, तर पहिल्याच फेरीत ते तडकून पांढरे पडतील.